डावीकडे बर्मी, उजवीकडे फिनिश

आमच्या ह्यांना सगळे 'मीटरवाले काका' म्हणतात. एकतीस वर्षं पाणीखात्यात काढली. दारोदार जाऊन मीटर बघायचं आणि आकडा वहीत उतरवायचा, एवढंच काम. एक आकडा कधी चुकला नाही की राहिला नाही, असं निरोपाच्या दिवशी साहेबांनी सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, मूर्खासारख्या.

घरात मात्र ह्यांचा उद्योग वेगळाच. बर्मी आणि फिनिश भाषांची तुलना! शेजारीण विचारते, "काका आत बसून लिहितात तरी काय?" मी सांगते, "माझं कपाळ."

झालं असं, की एक वाचनालय बंद पडलं आणि त्यांनी पुस्तकं फुकट वाटली. चांगली चांगली लोकांनी नेली. तळाला दोन शब्दकोश उरले, एक बर्मी आणि एक फिनिश, त्यातल्या एकाला पुठ्ठाही नव्हता. हे दोन्ही सायकलला बांधून घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, ह्या दोन भाषांचा एकमेकींशी काडीचा तरी संबंध आहे का?" तर म्हणे, "नाही, म्हणून तर! सख्ख्या बहिणी सारख्या दिसल्या तर त्यात काय नवल? अनोळखी दोघींत साम्य सापडलं तर ते खरं." ह्यातली एक तरी भाषा बोलणारा माणूस ह्यांनी जन्मात पाहिलेला नाही.

मग बुटांची खोकी आली आणि खोक्यांत कार्डं. कार्डावर वर मराठी वाक्य, खाली डावीकडे बर्मी, उजवीकडे फिनिश. कोपऱ्यात तारीख आणि वाक्य कोण बोललं ते. वाक्यं कुठून आणायची? आमच्याच घरातली. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "दूध उतू गेलं! डोळे मिटून बसलात की काय?" की ह्यांच्या खिशातून पेन बाहेर. "परत म्हण," म्हणायचे. दूध गेलं, पातेलं करपलं, कार्ड तेवढं झालं.

खोटं कशाला बोलू, कधीकधी ऐकायला बरंही वाटायचं. 'माझ्याकडे छत्री आहे' हे दोन्ही भाषांत साधारण आपल्यासारखंच म्हणतात, असं सांगायचे. आणि 'तो' आणि 'ती' दोघांनाही बोलताना एकच शब्द पुरतो. मी म्हटलं, "मग तिकडं स्वयंपाकघरात कोण जातं?" ह्यांनी तेही लिहून घेतलं. हसू मात्र आलं नाही मेल्या तोंडावर.

गेल्या गुरुवारी लेकीचा फोन आला. लग्नाला चार वर्षं झाली. जावई हात उचलतो हे मला त्या दिवशी कळलं. डाव्या मनगटाचं हाड मोडलंय, प्लास्टर आहे. रडली नाही. नुसतं म्हणाली, "आई, आता तरी येऊ का?"

"विचारतेस काय? ये!" मी म्हटलं. 'आता तरी' का म्हणाली, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

दोन खोल्यांचं आमचं घर. आतली खोली जमिनीपासून छतापर्यंत खोक्यांनी भरलेली. मी ह्यांना म्हटलं, रविवारी पोर येतेय, खोली रिकामी करा. तर म्हणतात, "आत्ता हलवली तर क्रम बिघडेल."

"क्रम बिघडेल? तिचं हाड मोडलंय!"

"बाहेरच्या खोलीत झोपू दे की तिला."

बाहेरची खोली म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा रस्ता. हात गळ्यात बांधून पोरीनं तिथं आल्या-गेल्याच्या नजरा झेलत पडायचं का? दोन दिवस बोलले, भांडले, हातसुद्धा जोडले. पालथ्या घड्यावर पाणी! शनिवारी सकाळी हे केस कापायला गेले. मी पदर खोचला आणि खोकी काढायला घेतली.

चौदावं की पंधरावं खोकं हातातून निसटलं. कार्डं जमिनीवर पसरली. गोळा करता करता वाचत होते. दूधवाला होता, शेजारीण होती, बाकी सगळी मीच, आणि सगळीकडे ओरडतच होते. मग एक कार्ड हाती आलं.

'बाबा, मी घरी परत येऊ का?'

कोपऱ्यात: मुलगी, फोनवर. तारीख दोन वर्षांपूर्वीची. त्या आठवड्यात मी बहिणीच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडे गेले होते. खाली त्याच मीटरवाल्या सुबक अक्षरात लिहिलेलं, 'दोन्ही भाषांत प्रश्नाला शेपूट लागतं. फिनिशमध्ये शब्दाला चिकटून, बर्मीत वाक्याच्या शेवटी, आपल्या का-सारखं. उत्तम उदाहरण.'

मी कार्ड उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

इथून पुढं मी ह्या माणसाला अहोजाहो करणार नाही.

तो आला तेव्हा मानेवर कापलेले केस चिकटलेले होते. मी कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. "हा फोन आला होता?"

"आला होता."

"मग काय सांगितलंस तिला?"

त्यानं कार्डाकडे बघितलं. "म्हटलं, आई घरी नाही, ती आली की बघू."

"आणि मी आल्यावर?"

"राहून गेलं."

राहून गेलं! गावभरच्या नळांचा एक आकडा राहिला नाही ह्याचा, आणि पोटची पोर राहून गेली. दोन वर्षं ती तिथं मार खात वाट बघत होती, आणि तिचा प्रश्न इथं बुटाच्या खोक्यात पडून होता.

मी एकेक खोकं जिन्यात नेऊन टाकलं. शेवटी त्याची गादीही टाकली. तो दारात उभा राहून बघत होता. "अगं, क्रम..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"आणखी एक कार्ड लिही," मी म्हटलं. "ह्या घरातून चालता हो. डावीकडे लिही, उजवीकडे लिही. तारीख आजची. बोलणारी, बायको."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग खिशातून पेन काढलं.

"परत म्हण," म्हणाला.