मालपेच्या बेटावरच्या पेंढ्या

सातवीत, शहरातल्या शाळेत, भूगोलाच्या सरांनी लाव्हा थंड होऊन झालेल्या दगडी खांबांचं चित्र दाखवून विचारलं, "हे काय?" मी उभा राहून म्हणालो, "पेंढ्या." आमच्या खोडाळ्याकडे भात कापल्यावर पेंढ्या अशाच खेटून रचतात.

"मोठ्यानं सांग, मागच्यांना ऐकू गेलं नाही," सर म्हणाले. वर्ग खदखदून हसला आणि दहावीपर्यंत माझं नावच 'पेंढ्या' पडलं.

त्याच सरांमुळे मी घरातला पहिला पदवीधर झालो, भूगोल शिकवू लागलो. ते उपकार मी मानतो. पण यंदा माझ्या गावाकडच्या शाळेतल्या मुलांची सहल मालपेजवळच्या लाव्हाच्या बेटावर नेली, तेव्हा निवृत्त सरांना पाया पडून मुद्दाम सोबत घेतलं.

होडीतून उतरल्यावर सर त्या सहाकोनी खांबांपुढे थबकले. "अरे, या तर पेंढ्याच वाटतात," ते हळूच पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा सर, मागच्यांना ऐकू गेलं नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाले, "पेंढ्या!" मुलं हसली नाहीत, त्यांच्या घरीही तशाच रचतात. मला मात्र तेवढं पुरलं नाही.

"अजून एकदा, सर," मी म्हणालो.