विहीणबाईंसाठी फ्रेंच

माझी विहीण फ्रेंच आहे. हे वाक्य मुलुंडमध्ये मी ज्या ज्या बाईला सांगितलं, तिने आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या पायातल्या चपलांकडे पाहिलं. म्हणजे हिची? हो बाई, हिचीच. मुलगी शिकायला लिऑनला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथल्याच एका उंच, शांत, सूप पिताना आवाज न करणाऱ्या मुलाशी तिने लग्न केलं. जावई इंग्रजी बोलतो. त्याची आई बोलत नाही.

लग्न इथेच लावलं, मुलुंडच्या हॉलमध्ये. विहीणबाईंना चौघींनी मिळून साडी नेसवली आणि त्यांची ओटी भरली. ओटीतले तांदूळ त्यांनी जपून बॅगेत घातले, विमानाने घरी नेले आणि शिजवून खाल्ले. छान होते म्हणे. दोन दिवस आम्ही दोघी समोरासमोर बसून नुसत्या हसत होतो. आता आमच्याकडे विहीण म्हणजे केवढं मोठं खातं! तिला मान द्यायचा, ती रुसली की समजूत काढायची, मधूनच एखादा टोमणा हाणायचा. हे सगळं नुसत्या दातांवर कसं उरकायचं? बाई रुसली होती की खूश होती, मला शेवटपर्यंत कळलं नाही. तरी ह्यांचं म्हणणं, भाषा येत नाही म्हणूनच लग्न निर्विघ्न पार पडलं.

मग मुलीला दिवस राहिले आणि नुसतं हसून भागेना.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईला उतारवयात चळ लागला. माझी मुलगी दुखलेलं सांगत नाही. तिसरीत असताना शाळेत पडून मनगट मोडलं, तर ही पोरगी घरी येऊन डाव्या हाताने आमटीभात जेवली. का गं, विचारलं तर म्हणे, असंच. रात्री सूज दिसली तेव्हा आमची वरात डॉक्टरकडे. मोठेपणी तरी शहाणी होईल म्हटलं, तर कसचं काय. आदल्या वर्षी तिचं एक राहिलं नाही, तिसऱ्या महिन्यात. मला फोनवर सांगितलं तेव्हा सगळं उरकून ती ऑफिसला जायलाही लागली होती. तुला उगाच त्रास नको म्हणून नाही सांगितलं, म्हणाली. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. असा राग आला होता की समोर असती तर आधी एक ठेवून दिली असती आणि मग जवळ घेतलं असतं.

जावई बिचारा सरळ. बायको 'ठीक आहे' म्हणाली की हा ठीक आहे असंच धरून चालतो. फ्रान्समध्ये बायका जे बोलतात तेच त्यांना म्हणायचं असतं की काय, देव जाणे. मी त्याला इंग्रजीत सांगून पाहिलं की बाबा रे, ती सांगत नाही, तूच बघत जा. तर कौतुकाने म्हणाला, शी इज व्हेरी स्ट्राँग. बोंबला. म्हणजे राहिली कोण, तर विहीण. बाईची जात, दोन मुलं वाढवलेली, घरापासून जवळ राहणारी. तिला एकदा माझ्या पोरीची खोड समजली की मी निवांत झोपायला मोकळी. नवव्या महिन्यात मी जाणारच होते. तिकीट काढलेलं, डिंक, अळीव, सुंठ बांधून ठेवलेली. पण तिकडे जाऊन काय खाणाखुणांवर बाळंतपण करायचं? म्हणून मी फ्रेंच शिकायला घेतलं.

मुलीने हसत हसत एक ऑडिओ कोर्स फोनमध्ये उतरवून दिला. स्वयंपाक करता करता ऐक म्हणाली. ऐकणं मला काही नवीन नव्हतं. टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर माझा जन्म गेला. कानाला यंत्र लावून मी अर्ध्या मुंबईची गाऱ्हाणी ऐकलेली आहेत. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय ते मला कळायचं.

पण कोर्सातली माणसं वेगळीच. त्यात एक बाई आहे, तिला कॉफी हवी आहे. तिसऱ्या धड्यापर्यंत ती मागतेच आहे, कोणी आणून देत नाही. एक पुरुष आहे, तो पहिल्या धड्यापासून स्टेशन शोधतोय. भेटेल त्याला विचारतो, लोक डावीकडे सांगतात, उजवीकडे सांगतात, हा आपला तिथेच. मुलुंडला आला असता तर कोणीही हाताला धरून नेऊन सोडला असता. मग दोघं मिळून संग्रहालय बघायला निघतात. त्यांना छत्री आहे, भाऊ आहे, भावाला मांजर आहे. पण त्या अख्ख्या देशात कोणाचं काही दुखत नाही. पोट नाही, पाठ नाही, साधी उलटी नाही. मी पुढचे धडे ऐकत होते ते फक्त या आशेने की यांच्यापैकी एक तरी आजारी पडेल.

कोर्सातले मास्तर मात्र स्वभावाने फार गोड. ते एक वाक्य सांगायचे, मग जरा वेळ गप्प बसायचे, तेवढ्यात आपण ते म्हणायचं. मग ते म्हणणार, 'त्रे ब्यँ'. म्हणजे फारच छान. एकदा मी कणीक मळत होते, तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, तरी फारच छान. नोकरीत आणि संसारात इतकी वर्षं काढली, पण गप्प बसल्याबद्दल शाबासकी देणारा हा पहिलाच पुरुष भेटला. मी हे मोठ्याने बोलून दाखवलं. ह्यांनी पेपर खाली केला नाही.

ह्यांचा पाठिंबा होताच म्हणा. हे मूळचे मालवणचे, टोमणा मारायचा झाला की गावची भाषा बाहेर काढतात. 'आता काय फ्रान्सच्या राजाक जेवूक बोलवतलंस?' म्हणाले. तिथल्या राजाचं मुंडकं कधीच उडवलंय आणि ते बायकांना हसल्यामुळेच असणार, हे मी त्यांना सांगितलं. फ्रेंच लोकांचा 'र' घशातून येतो, खाकरल्यासारखा. मी तो गॅलरीत उभी राहून घोटायचे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई अडुळशाचा काढा घेऊन आल्या. त्यांना खरं कारण सांगितलं तर म्हणाल्या, अगं, तिकडे हल्ली सगळ्यांना इंग्लिश येतं, माझा भाचा जाऊन आलाय. भाचा चार दिवस सहलीला गेला होता. म्हटलं, बरोबर आहे, तो काही तिथे बाळंतपण करायला गेला नव्हता.

मुलीला फोन केला की मी आधी फ्रेंचमध्ये विचारायचे, 'सा वा?' म्हणजे बरी आहेस ना? ती म्हणायची, 'सा वा.' बरी आहे. पाय सुजलेत का? सा वा. झोप लागते का? सा वा. झालं! इतकी वर्षं मराठीत खोटं बोलत होती, आता दोन भाषांत बोलायला लागली. फी भरून शिकवलेल्या पोरीचे हे दिवे. मी जावयाला म्हटलं, तुझ्या आईला सांग, मला तिच्याशी बोलायचंय. तर त्याने सांगितलं, आईसुद्धा तुमच्याशी बोलायला लाजते. घ्या. विहीण लाजते! आमच्यात असली विहीण कोणी ऐकली तरी आहे का?

आठवा चालू होता. एका संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावला आणि फोनवर व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती. मुलगी हॉस्पिटलच्या पलंगावर, उशीला टेकून बसलेली. 'काही नाही गं, बीपी जरा वाढलंय,' म्हणाली. दोन दिवस नुसतं लक्ष ठेवायला घेतलंय, नवरा कपडे आणायला घरी गेलाय, सासूबाई बसल्यात सोबतीला. सगळं एका सुरात, बातम्या वाचल्यासारखं. तो सूर मी ओळखते.

डोकं दुखतंय का, मी विचारलं. नाही म्हणाली. डोळ्यांपुढे काही येतं का? त्यावर म्हणाली, इथे उजेड जरा जास्त आहे. तेवढ्यात फोन हलला आणि चादरीवरचा तिचा दुसरा हात दिसला. अंगठा आत घालून मूठ घट्ट आवळलेली. ही तिची लहानपणापासूनची सवय, कळ सोसत नसली की अशी मूठ आवळते. तोंड खोटं बोलतं, पण मुठीला ते जमत नाही.

'नर्सला सांग,' मी म्हटलं.

'सांगते गं.'

ती सांगणार नव्हती. मी जन्म दिलाय तिला.

'फोन तुझ्या सासूकडे दे.'

'कशाला आई?'

'विहीण आहे माझी. बोलायला नको?'

विहीणबाईंनी फोन इतका जवळ धरला की मला आधी नुसतं नाकच दिसलं. मग चेहरा दिसला, तोच लग्नातला हसरा चेहरा. बाँजूर मादाम, म्हणाल्या. मीही म्हटलं बाँजूर. आणि पुढचं सगळं साफ पुसलं गेलं. इतके महिने घोकलेलं फ्रेंच, आणि माझ्या तोंडाशी आलं काय, तर स्टेशन कुठे आहे. पाठोपाठ छत्री आली. भावाचं मांजर आलं. मी देवाकडे पाहिलं, पण त्यालाही मराठीच येतं.

मग म्हटलं, जे आहे त्यात भागव. 'मादाम,' मी म्हटलं, 'मा फीय दी, सा वा.' माझी मुलगी म्हणते, बरी आहे.

विहीणबाईंनी आनंदाने मान डोलावली. 'वुई, वुई, सा वा.' हो, हो, बरी आहे.

माझं डोकं सणकलं. चौकशीच्या टेबलावर सुद्धा कधी चढवला नाही इतका आवाज चढवून मी म्हटलं, 'नों, मादाम. नों. सा न वा पा.' बरी नाही. आणि स्वतःचा अंगठा आत घालून मूठ आवळली आणि फोनसमोर धरली. 'मा फीय,' मी म्हटलं. माझी मुलगी. पुन्हा मूठ दाखवली. 'सा न वा पा.' मग कपाळावर हात मारला, डोळे गच्च मिटून दाखवले. कोर्सात हे नव्हतं.

विहीणबाई माझ्या मुठीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान वळवून पलंगाकडे पाहिलं. त्यांचं हसू गेलं. दोन दिवसांच्या लग्नात जे कधी मावळलं नव्हतं, ते हसू गेलं, आणि मला पहिल्यांदाच त्या बाईचा खरा चेहरा दिसला. घाबरलेल्या आईचा असतो तसाच होता. त्या काहीतरी भराभर बोलल्या, फोन चादरीवर पडला, मला छत दिसायला लागलं आणि कुठेतरी घंटा वाजायला लागली. मुलगी म्हणत होती, नों, नों, सा वा. तिच्यावर विहीणबाई ओरडल्या. काय ओरडल्या ते कळलं नाही, पण तशी मीही ओरडते. मग फोन बंद झाला.

ह्यांनी विचारलं, काय म्हणाली ती? मला काय माहीत, मी म्हटलं. पुढचा सगळा वेळ आम्ही फोन मध्ये ठेवून दोन बाजूंना बसलो होतो. कुकर लावलेला नव्हता आणि कोणाला भूकही नव्हती. ह्यांनी एकही टोमणा मारला नाही, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

जावयाचा फोन आला तेव्हा तो रडत होता. बीपी भलतंच चढलं होतं, थांबले असते तर झटके आले असते, म्हणून लगेच ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी झाली. चिमुकली आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण स्वतःचा श्वास स्वतः घेतेय. दोघी सुखरूप. डॉक्टर आत आले तेव्हासुद्धा बायको 'मी बरी आहे' असंच सांगत होती, त्याच्या आईने ऐकलं नाही म्हणून पुढचं तपासलं, असं तो म्हणाला. मग इंग्रजी सोडून फ्रेंचमध्ये बराच वेळ काहीतरी बोलला. मी सगळ्याला वुई म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. आवाज खोल गेलेला. मी बोलणी खायची तयारी ठेवूनच फोन उचलला.

'आई, तू काय शिकवलंस गं सासूबाईंना? सकाळपासून येता-जाता माझी मूठ उघडून बघतायत.'

पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, काहीतरी दटावल्यासारखा. मग मुलीचा श्वास ऐकू आला, अडखळत चाललेला. मला वाटलं आता ती म्हणणार, ठेवते, बरी आहे मी.

'आई,' ती म्हणाली, 'टाके फार दुखतायत गं.'

आणि रडायला लागली, लहानपणी कधी रडली नाही तशी, हमसून हमसून. मी म्हटलं, रड बाळा, रड, मी आहे. ह्यांनी आतल्या खोलीतून घाबरून विचारलं, काय झालं, काय म्हणते ती?

'दुखतंय म्हणते,' मी त्यांना ओरडून सांगितलं. माझा आवाज आनंदाने फाटला होता आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. हे धावत आले आणि फोनला कान लावून आम्ही दोघं तिचं रडणं ऐकत बसलो.