एका फुटबॉल क्लबचा कुलवृत्तांत

स्वित्झर्लंडमधल्या एका आडगावच्या फुटबॉल क्लबचा इतिहास आमच्या शेजारच्या काकांइतका जगाच्या पाठीवर कोणालाच ठाऊक नव्हता. खुद्द त्या क्लबलाही नव्हता. मी २००४च्या थंडीत पुण्याहून कंपनीच्या प्रोजेक्टवर अमेरिकेतल्या श्रूजबरीला आलो. पहिल्याच आठवड्यात दारापुढे कमरेएवढा बर्फ साचला आणि मी फावडं धरून नुसताच उभा राहिलो. तेवढ्यात गळ्यात हिरवा-पांढरा मफलर गुंडाळलेले एक सत्तरीचे गृहस्थ कुंपणापलीकडून ओरडले, "अरे, वाऱ्याच्या दिशेनं टाक! आमचा पहिला कॅप्टन मैदान असंच साफ करायचा." मला वाटलं, काका सैन्यात होते. खरा प्रकार कळायला पुढचे दोन तास आणि काकूंच्या हातचे तीन कप चहा लागले.

काका मूळचे इचलकरंजीचे. ऐन तरुणपणी यंत्रमागांचं तंत्र शिकायला ते दोन वर्षं त्या स्विस गावात राहिले. कारखाना सुटला की जायला जागा एकच, गावचं फुटबॉल मैदान. काका रोज जायचे, चेंडू गोळा करायचे, जाळी बांधायचे. एकदा भर सामन्यात कोणाचा तरी पाय मुरगळला, बाकावर दुसरं कोणी नव्हतं, म्हणून काकांना उतरवलं गेलं. ते अकरा मिनिटं खेळले. त्या अकरा मिनिटांची हकिकत सांगायला त्यांना पाऊण तास पुरत नसे. मग अमेरिकेत नोकरी लागली. "दोन वर्षांत येतोच परत," असं सांगून, बूट तिथल्याच खुंटीला लटकवून काका निघाले आणि पस्तीस वर्षं इकडेच राहिले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी क्लबचा इतिहास लिहायला घेतला. आता इतिहास लिहायची त्यांना माहीत असलेली पद्धत एकच. त्यांच्या चुलत्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत काढला होता, साऱ्या भाऊबंदांना छापील फॉर्म पाठवून. काकांनी तोच फॉर्म जर्मनमध्ये उतरवला आणि क्लबच्या जुन्या खेळाडूंना धाडायला सुरुवात केली. क्लब स्थापन करणारा पाववाला झाला मूळपुरुष. गोत्राचं काय करायचं, यावर दोन दिवस विचार करून त्या रकान्यात त्यांनी खेळण्याची जागा घातली, त्यामुळे सगळे गोलकीपर सगोत्र ठरले. पत्नीचं माहेर, मुली कुठे दिल्या, सध्याचं वास्तव्य, हे रकाने मात्र होते तसेच राहिले. एका म्हाताऱ्या फॉरवर्डनं चिडून उत्तर पाठवलं, "मुली आम्ही कुठे देत नाही. त्या आपणहून गेल्या." काकांनी ते शब्दशः नोंदवलं. फॉर्मची छपाई, पाकिटांवरचे पत्ते, इंटरनेटवरची शोधाशोध ही माझी कामं. ती मला कधी चिकटली ते कळलंच नाही आणि खरं सांगायचं तर मला ती आवडायला लागली होती.

महाराष्ट्र मंडळानं एकदा काकांचं भाषण ठेवलं. लोक आल्प्सच्या स्लाइड्स बघायला मिळतील या आशेनं आले होते. काकांनी तासभर एका गोलकीपरच्या सासुरवाडीबद्दल सांगितलं. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीनं विचारलं, "आजोबा, डिड दे एव्हर विन एनीथिंग?" काका म्हणाले, "वन्स." आणि अभिमानानं खाली बसले.

२००७च्या वसंतात क्लबच्या सेक्रेटरीबाईंचं पत्र आलं. क्लब बंद करून शेजारच्या गावच्या क्लबमध्ये विलीन करायचं घाटत होतं. शेजारचं गाव म्हणजे काकांच्या हिशेबी सातजन्मीचे वैरी. काकांनी दोन दिवस मफलर काढला नाही आणि जेवणावरचं लक्षही उडालं. काकू मला म्हणाल्या, "अरे, स्वतःचा जॉब गेला तेव्हासुद्धा हे दोन पोळ्या जास्त जेवले होते."

तिसऱ्या दिवशी काका क्लबची जुनी घटना घेऊन माझ्याकडे आले. तीत लिहिलं होतं की जो एकदा क्लबचा शर्ट घालून मैदानात उतरला तो आजन्म सभासद, आणि क्लब बंद करायचा तर हयात सभासदांतल्या दोन-तृतीयांशांची संमती हवी. पण हयात कोण आहे आणि कुठे, याचा पत्ता क्लबला नव्हता. तो होता श्रूजबरीतल्या एका तळघरात, बुटांच्या चार खोक्यांत. आम्ही सगळे फॉर्म स्कॅन करून पाठवले. पाठवताना माझ्या लक्षात आलं, की त्यांत काकांचाच फॉर्म नव्हता. विचारलं तर म्हणाले, "अकरा मिनिटांचा खेळाडू मी. कुलवृत्तांतात उपऱ्याचं नाव घालत नाहीत."

मी म्हटलं, "काका, शर्ट घातला होता ना? मग व्होट करा की!"

"त्यांनी विचारलं तर," एवढंच बोलून ते गेले. इतका हट्टी माणूस इतक्या हळू आवाजात बोललेला मी कधी ऐकला नव्हता, आणि मला वाईट वाटलं.

पुढे कॅनडातून, ब्राझीलमधून, कुठल्या कुठल्या वृद्धाश्रमांतून म्हाताऱ्यांची पत्रं क्लबकडे गेली. बहुतेकांवर एकच शब्द होता, नाही. क्लब वाचला. त्या उन्हाळ्यात मैदानावर मुलींचा संघही सुरू झाला, असं सेक्रेटरीबाईंनी कळवलं. त्यांच्या त्या जाड पाकिटात आभाराचं पत्र होतं आणि काकांच्याच छापाचा एक फॉर्म होता, काकांच्या नावानं बाईंनी स्वतः भरून पाठवलेला. काही चुकलं असेल तर कृपया दुरुस्त करावं, अशी वर चिठ्ठी.

काकांनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. नाव बरोबर होतं. गोत्र, उजवी बगल. पत्नीचं माहेर माहीत नाही. पुढच्या रकान्यापाशी ते थांबले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि फॉर्म काकूंकडे सरकवला. काकूंना जर्मन येत नव्हतं, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. इतक्या फॉर्मांनंतर तेवढं मला वाचता येत होतं.

सध्याचं वास्तव्य: तात्पुरतं अमेरिकेत. बूट खुंटीवर आहेत.

काकांनी त्यात काहीही दुरुस्त केलं नाही.