डाऊन सात नावाची कोरफड

जावयाला कुंडीपेक्षा खालच्या पायरीवर बसवणारा सासरा अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. लोकांचे जावई सासरवाडीला गेले की पुढे पाण्याचा तांब्या येतो, मटणाचा वास गल्लीभर सुटतो. मी लातूरहून एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत नांदेडला पोचतो, तेव्हा आमचे मामा (सासऱ्याला आमच्यात मामाच म्हणतात) दारातच विचारतात, "वाळू आनली का?" त्यांच्या घरापासून गोदावरी हाकेच्या अंतरावर आहे. पण तिची वाळू त्यांना बारीक वाटते, मुळापाशी पाणी धरून ठेवते म्हणे. त्यांना पाहिजे मांजरेची जाड वाळू, आणि मांजरा पडली आमच्या लातूरकडे. त्यामुळे गेली तेरा वर्षं मी मांडीवर वाळूची पिशवी घेऊन प्रवास करतो आहे. एकदा कंडक्टरनं, काय एवढं जड आहे म्हणून पिशवीत हात घातला, वाळू पाहिली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सामानाचं तिकीट न फाडताच पुढं गेला. त्या माणसाच्या डोळ्यांत जी कीव होती तशी मी नंतर कुणाच्या डोळ्यांत पाहिली नाही.

मामांची सगळी नोकरी रेल्वेच्या ऑफिसात गाड्यांच्या वेळांचे तक्ते करण्यात गेली. रिटायर झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, गुडघे दुखवून घेतात, नातवंडांच्या मागे लागतात. मामा कोरफडीच्या मागे लागले. गच्चीवर शे-दीडशे कुंड्या, डबे, फुटक्या बादल्या, आणि प्रत्येकीत कोरफड. त्यांना नावं नाहीत, गाड्यांसारखे नंबर आहेत. गावठी कोरफडीच्या बीपासून झालेली ती 'अप', नर्सरीतल्या शोभेच्या कोरफडीच्या बीपासून झालेली ती 'डाऊन'. नंबर लिहायचा आइस्क्रीमच्या काडीवर. त्यामुळे आमच्या घरात नातवंडांना कुल्फी मिळते ती लाडानं नव्हे, काडीसाठी मिळते, आणि काडी जरा दातानं चावलेली निघाली की आजोबा पोरांना फैलावर घेतात. "डाऊन अकरा दोन वर्षं लेट धावायलीय," "अप वीस रद्द केली," अशी वाक्यं गच्चीवरून ऐकू येतात. नवा माणूस बावचळून स्टेशन किती जवळ आहे ते विचारतो.

फ्रीजचा तर विषयच काढू नये, पण काढतो. कोरफडी सगळ्या एका वेळी फुलत नाहीत. एक फुलते तेव्हा दुसरी झोपलेली असते. म्हणून एकीचे परागकण झटकून कागदाच्या पुडीत बांधायचे, फ्रीजमध्ये ठेवायचे आणि दुसरी फुलली की बारीक ब्रशनं तिला लावायचे. मामींच्या फ्रीजमध्ये त्यामुळे दुधाशेजारी, कोथिंबिरीशेजारी, अंड्यांच्या खोबणीत, जिथं पाहावं तिथं पुड्या. एका सकाळी मामी बाहेर गेल्या होत्या म्हणून मी स्वतःच चहा टाकला आणि वेलदोड्याची पूड समजून त्यात 'अप चार' ओतली. कडू तोंड करून मी हे सांगितलं, तेव्हा मामांनी मला बरं वाटतंय का हे विचारलं नाही. ते म्हणाले, "समदी टाकली का थोडी उरली?"

पाणी देण्याच्या बाबतीत मामा कंजूष नव्हे, क्रूर आहेत. कोरफडीला मुबलक पाणी दिलं की ती हिरवीगार, फुगीर आणि मूर्ख होते, असं त्यांचं मत. तहानेनं आणि उन्हानं तिच्या पानांना लाली चढते, आणि शोभेच्या कोरफडीत खरी किंमत त्या लालीची. हे तत्त्व ते माणसांनाही लावतात. माझ्या मुलाला लातुरात एकाच वेळी तीन क्लास लावलेत हे कळल्यावर मला म्हणाले, "सर, लई पानी घालून राहिले तुम्ही त्या पोराला. मुळं कुजतेत." मी गणिताचा मास्तर, वाद घालायची सवय आहे, तरी घरी येऊन एक क्लास बंद केला.

आणि सगळ्यात मोठं व्यसन म्हणजे अंधश्रद्धेवर व्याख्यान. आमची दोन्ही घरं बौद्ध. नवस, उतारा, मुहूर्त असलं काही घरात नाही, मुलांनाही शिकवलं नाही. पण आपण करत नाही एवढ्यावर मामांचं भागत नाही. समोरच्याचं सुटलं पाहिजे. एकदा आम्ही आटोनं स्टेशनला निघालो. पुढच्या काचेला लिंबू-मिरची लटकत होती. मामांनी जे तोंड उघडलं ते स्टेशन येईपर्यंत मिटलं नाही. शेवटी आटोवाल्यानं लिंबू तोडून मामांच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "चाचा, तुम्हीच सरबत करून प्या, डोकं थंड व्हईल." मामा ते खरंच घरी आणून सरबत करून प्याले, आणि वर म्हणाले, "एक माणूस तरी सुधारला."

आता मुद्द्याचं सांगतो. मामांना एक नवी जात करायची होती. लोह्याकडच्या कुणाच्या तरी बांधावरून आणलेली दांडगी गावठी कोरफड आणि नर्सरीतली तळहाताएवढी, पांढऱ्या पुटकुळ्यांची कोरफड, ह्या दोघींपासून लहान चणीची पण आपल्याकडचं ऊन सोसणारी, दिसायला देखणी अशी तिसरी. ह्या खटाटोपाला बारा वर्षं झाली. शेकड्यांनी रोपं उगवली. कुणी आईवर गेलं, कुणी बापावर गेलं, बाकीची कुणावरच न जाता मेली. एकच मनासारखी निघाली. डाऊन सात. बुटकी, भरगच्च, पानं ओंजळीसारखी आत वळलेली, कडांचे दाते तांबडे, आणि उन्हात ठेवली की अख्खी तांब्याच्या भांड्यासारखी लाल व्हायची. माझ्यासारख्या अरसिकालासुद्धा ती बघत राहावीशी वाटे. पण तिची एक खोड होती. कोरफडीला बुडातून पिल्लं फुटतात, तिच्या बागा त्यावरच वाढतात. हिला एक पिल्लू फुटेना. म्हणजे जगात ही एकच. त्या हिवाळ्यात तिला पहिल्यांदा दांडा येईल असा मामांचा अंदाज होता. दांडा आला, फुलं आली, बी धरलं, तरच वंश पुढं जाणार. "ही गेली तर परत बारा वर्सं," मामा मला म्हणाले होते, "अन मी आता त्र्याहत्तरचा. गणिताचे मास्तर हाव ना, करा बेरीज."

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी सात वाजता फोन आला. मामांचा आवाज चिरका झालेला. "ताबडतोब या. घात झाला." एवढंच. आमच्या हिनं मामींना काही झालं असं समजून हंबरडाच फोडला. मी शाळेत रजा टाकली, हिला सावरत एसटीत बसवलं. नांदेडला पोचलो तर मामी दारात मेथी निवडत बसलेल्या, ठणठणीत. "मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "वर जा. तुमचे मामा येडे व्हायची पाळी आलीय." गच्चीवर मामा रिकाम्या कुंडीपुढं उकिडवे बसले होते. काडी जागेवर, माती उकरलेली, डाऊन सात गायब. काल दुपारपर्यंत होती, हे ते मला तीनदा म्हणाले. उंदीर, माकडं, भंगारवाला, नर्सरीवाल्याचा हेर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मी आपला गच्चीच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरलो, खाली गल्लीत फिरलो, आणि शेजारच्या घरासमोर पाय थबकले.

शेजारी मुरूडचं एक कुटुंब राहतं. गावाकडं शेती, इथं मुलाचं बी-बियाणांचं दुकान. गच्च्या जोडून, मध्ये कमरेएवढी भिंत. तर त्यांच्या दाराच्या चौकटीला, काळ्या दोऱ्यानं बुंध्याला बांधून, मुळं वर आणि डोकं खाली अशी डाऊन सात लटकत होती. दृष्ट लागू नये म्हणून दारावर कोरफड उलटी टांगतात, तशी. मी वर जाऊन सांगितलं. मामा चप्पल न घालता जिना उतरले. मी मागं धावलो. मला वाटलं आज व्याख्यान नाही, आज हाणामारी.

दार सुनेनं उघडलं. सहावा महिना असावा. पाठीमागून मुरूडच्या काकू आल्या आणि मामांची नजर कुठं आहे ते बघून जागीच उभ्या राहिल्या. "काका, रागाला येऊ नगा," त्या म्हणाल्या. "हिचं दोनदा पोटातच गेलं. दवाखाना चालूच हाय, गोळ्या-इंजेक्शनं समदं हाय. पर मनाला थारा न्हाई. गावाकडनं सांगितलं, दाराला कोरफड बांधा, अन मागून आनलेली नको, गुन येत न्हाई. म्हनून न इचारता घेतली." मामा अजून वरच बघत होते. काकूंना ते सोसवलं नाही. "पर चांगली न्हाई हो घेतली! समदी हिरवीगार सोडली, ही एकच वाळत आलेली, लाल पडलेली दिसली, म्हनलं हीच न्यावी. बिचाऱ्याची चांगली कशाला नासावी?"

मला हसू आवरेना आणि हसायची सोय नव्हती. सून दाराला धरून उभी होती. ती एकदा वर कोरफडीकडं बघायची आणि एकदा मामांच्या हाताकडं, की हा हात आता वर जातो का. मामांचा हात वर गेला. त्यांनी दोरा चाचपला. मग म्हणाले, "लई करकचून बांधलंय. बुंधा काचतो अशानं. स्टूल द्या, जरा सैल करून बांधतो."

घरी आल्यावर मी विचारलं, "मामा, एवढी व्याख्यानं..." तर माझ्यावरच खेकसले, "मला ठावं हाय ते थोतांड हाय म्हनून! त्या पोरीच्या तोंडाकडं बघून बोलून दाखवा तुम्ही. जा, बोलून या." मी गेलो नाही.

कोरफडीची जात चिवट. उलटी टांगा, माती देऊ नका, पाणी देऊ नका, स्वतःच्या पानांतलं खाऊन जगते. जानेवारीत डाऊन सातला त्याच अवस्थेत दांडा आला. खाली डोकं असलेल्या झाडाचा दांडा आधी खाली निघाला आणि मग वळसा घेऊन वर चढला, शेंदरी कळ्यांनी भरलेला. मग रोज सकाळी गल्लीनं एक देखावा पाहिला. मामा दुसऱ्याच्या दारात स्टुलावर उभे, हातात ब्रश आणि फ्रीजमधली पुडी, स्टूल काकूंनी धरलेलं, आणि सून खुर्चीवर बसून सांगतेय, "काका, डाव्या अंगाचं आज उघडलं बघा." पोरीला बाहेर हिंडायची मनाई होती, पडून पडून भीतीनं वाळत चालली होती. ती कळ्या मोजायला लागली. मामांच्या वहीत त्या महिन्यातल्या नोंदी तिच्याच अक्षरात आहेत. मी एकदा त्या वेळी गेलो होतो, तर मामांनी मला वाळूचंसुद्धा विचारलं नाही. तीन बोंडं धरली. मार्च लागता लागता दोन पिकली. ती मामांनी तोडून बी काढून घेतलं. तिसरं हिरवं होतं, ते राहू दिलं. बाळंतपण झालं की झाड उतरवून परत द्यायचं असं काकूंशी ठरलं होतं.

मुलगी झाली. धडधाकट. घरात आनंदाला पारावार राहिला नाही, काकू दवाखान्यात, आणि त्यांच्या मुलानं, बापच तो, कुणाला न विचारता रीतीप्रमाणे दाराची कोरफड उतरवली आणि गोदावरीत सोडून आला. ठरलेलं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी गेलो तेव्हा मामा घरी नव्हते. घाटावर सापडले. काठीनं निर्माल्याचे ढीग उपसत होते. तीन दिवस रोज येत होते म्हणे. मीही बूट काढून चिखलात उतरलो. हार, नारळ, फाटक्या ओढण्या, आणि कोरफडी, मोप कोरफडी; नांदेडातली कितीक दारं त्या काठाला येऊन पडली होती. डाऊन सात त्यांत नव्हती. ऊन चढल्यावर मामा दगडावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. पाठीवर हात ठेवावा की नाही हे मला कळेना; जावई होतो ना. शेवटी ठेवला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्या पोराला बोलू नगा काही. बारशाच्या गडबडीत हायेत ते."

दोन बोंडांतलं बी उगवलं. मे महिन्यात मी गेलो तेव्हा ट्रेमध्ये नखाएवढी एकवीस रोपं होती, सगळी हिरवी. एकही डाऊन सातसारखं होईल याची खात्री नाही. बियाचं झाड आपल्याच मनानं वाढतं. रंग कळायला दोन वर्षं, फूल यायला पाच. मामा आता जरा थकलेत. जिना चढताना मधे थांबतात आणि थांबलो नाही असं दाखवायला भिंतीचा पोपडा खरवडतात. शेजारच्या घरातून ती तान्ही रडली की वरूनच ओरडतात, "अगं घ्या तिला कुनीतरी!" आणि पुन्हा रोपांवर वाकतात.

परवा परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. लोहा मागं पडलं आणि एकदम मनात आलं, पाच वर्षं. फक्त पाच, ह्या माणसाला मिळावीत. डोळ्यांत पाणी आलं, शेजारचा बघतो म्हणून तोंड वळवलं. मागायची कुणाकडं, हे आमच्या घरात कुणी शिकवलेलं नाही.