गाडीला दिलेली धुरी

मागच्या सीटखालचा गालिचा मी मुठीत धरून पिळला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. गाडी अशी की आत बसताना चप्पल बाहेर काढावी असं वाटावं, आणि आत ही ओल.

"काका, राहू द्या तुम्ही," सायली म्हणाली. ही कंपनीची इंजिनियर. कंपनी नवी, पुण्याची, एकच मॉडेल. प्लग-इन हायब्रिड. म्हणजे पेट्रोलचं इंजिन आहेच, शिवाय मोठी बॅटरी, ती घरच्या प्लगवर चार्ज होते. बॅटरीवर पळते तेव्हा गाडीचा आवाज म्हणून येत नाही. पावसाची टेस्ट घ्यायला ही मंडळी रत्नागिरीत आली आणि साळवी स्टॉपजवळची माझी शेड त्यांनी घेतली. मी चौथी पास. पण पत्र्याचं काम चाळीस वर्षं केलंय, आणि माझ्या शेडमधल्या गाडीत पाणी मला चालत नाही.

तीन दिवस ती पोरं पाईपने पाणी मारत होती. पाणी शिरतं एकीकडून, पत्र्याच्या आडून वाट काढतं आणि दिसतं तिसरीकडेच. सापडणार कसं?

त्यात कंपनीचे फाउंडर साहेब आले. पस्तिशीचा माणूस, पायात पांढरेशुभ्र बूट.

"सगळ्या सांध्यांना सीलंट मारा," ते म्हणाले. सीलंट म्हणजे फटी बुजवायचा रबरी डिंक. "सोमवारी प्रॉडक्शन सुरू होतंय. सायली, आज सही हवी."

"सर, पाणी बॅटरीच्या वायरिंगपाशी उतरतंय. कुठून येतं ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

"मग तुझ्या जागी दुसरं कोणी करेल."

पोरीचा चेहरा उतरला, पण तिने पेन काही उघडलं नाही. मला आवडलं ते.

"चारपर्यंत थांबा," मी म्हटलं. "भोक मी दाखवतो."

"आपण कोण?"

"ज्याच्या छपराखाली तुमची गाडी उभी आहे तो. नाही सापडलं तर बाहेरची पाटी उतरवतो."

पाटीवर माझ्या बापाचं नाव आहे. हे बोलून गेल्यावर आठवलं. साहेब हसले आणि सुरमईचं ताट खायला गेले.

मी सरळ घरी गेलो. बायको बाजारात होती. देव्हाऱ्यातलं पितळी धुपाटणं उचललं, धुपाचा पुडा घेतला. करवंटीचे निखारे केले.

"काका, हे गाडीत?" सायली म्हणाली. "लेदरच्या सीट आहेत."

"तान्ह्या पोराला धुरी देतात, त्याचं कातडं काय जाड असतं?"

खाली लोखंडी घमेलं, त्यात धुपाटणं. गाडीला मागे हवा बाहेर जायला मुद्दाम जाळ्या ठेवलेल्या असतात, त्यांवर टेप मारली. काचा बंद. ब्लोअर बाहेरची हवा आत ओढेल असा लावला. आता आतली हवा दाबली जाणार आणि धूर फट शोधणार. आत शेजारचा माणूस दिसेना इतका धूर झाल्यावर आम्ही बाहेर येऊन दारं लावली.

नेमके साहेब परतले. काचांआड पांढराफटक धूर. त्यांच्या बॅटरीच्या गाडीत.

"बॅटरी पेटली! मागे व्हा सगळे!"

ड्रायव्हर आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन धावला. त्याने फवारा मारला असता तर सगळंच गेलं असतं. मी हात पसरून दारासमोर उभा राहिलो.

"बॅटरी नाही पेटली ओ, धूप पेटलाय. दार उघडाल तर बघा."

"धूप?"

"होय तर. वास नाही आला?"

त्यांनी नाक वर केलं. तेवढ्यात मागून सायली म्हणाली, "काका, इकडे या."

चार्जिंगचा प्लग लावायचं झाकण असतं ना, त्याच्या आतून उदबत्तीसारखी एकच रेघ निघत होती. साहेब पांढऱ्या बुटांसकट लाल चिखलात गुडघ्यांवर बसले आणि बघत राहिले. मग ड्रायव्हर हसला आणि आम्ही सगळेच हसत सुटलो.

सायलीने बॅटरी बंद केली, जाड हातमोजे घातले आणि जागा उघडली. पत्र्यातून वायर जाते तिथे ग्रोमेट असतो, म्हणजे रबरी कडं. त्याची कड बसवतानाच दुमडली होती.

"बाहेरून ढकललाय," मी म्हटलं. "साबणाचं पाणी लाव नि आतून ओढ."

पाऊण तास त्या जागेवर पाणी मारलं. साहेबांनी स्वतः गालिचा पिळला. कोरडा. सायलीने बॉनेटवर कागद ठेवून सही केली, वर लिहिलं, प्रत्येक गाडीचा ग्रोमेट आतूनच ओढायचा.

"धुराचं मशीन मिळतं याला," ती मला हळूच म्हणाली. "मी मागितलं होतं."

"मग आता घेतील."

साहेब म्हणाले, "काका, काकूंना घ्या, चक्कर मारू." भाट्याच्या पुलावर गाडी बॅटरीवर निघाली. बायको ऐटीत बसली होती.

"चालू कधी करणार?" तिने विचारलं.

"चालूच आहे, काकू."

मग तिने नाक ओढलं. एकदा, दोनदा.

"अहो, यांच्या गाडीत आपल्या देव्हाऱ्याचा वास कसा?"

सायली खिडकीबाहेर बघू लागली. साहेबांनी आरसा फिरवला. इंजिनाची घरघर असती तर ऐकू आलं नाही म्हणून वेळ मारून नेली असती. पुलाच्या त्या टोकापर्यंत गाडीत ना पाणी होतं, ना आवाज. एवढी चांगली गाडी बनवू नये.