परीक्षेची झाडं मी आणायचो

भिवंडीच्या एका कॉलेजच्या बागेत मी चोवीस वर्षं माळी होतो. इतकी वर्षं एका जागी काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. झाडू मारला की पाल्याबरोबर निघतात. मी चौथी शिकलेला. पण वनस्पतिशास्त्राची जी मुलं पुढे साहेब झाली, त्यांना कुदळ कशी धरायची ते मी शिकवलं. हे मी सांगणारच.

*

विभागाच्या प्रमुख शेख मॅडम. त्यांचा हुकूम होता, प्रत्येक झाडाला शास्त्रीय नावाची पाटी पाहिजे. त्या इंग्रजीत लिहून द्यायच्या, मी ती अक्षरं चित्रासारखी पत्र्यावर काढायचो. मग त्या शेजारी बसून उच्चार सांगायच्या. तो मी वहीत मराठीत लिहून घ्यायचो. चौथी पास माणसाजवळ कोण बसतं असं? त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

एकदा मॅडम म्हणाल्या, "मामा, त्या कोपऱ्यातल्या झाडाचं नाव शास्त्रज्ञांनी बदललंय. नवीन पाटी करा."

केली. दोन वर्षांनी पुन्हा बदललं!

मी ब्रश खाली ठेवला. "मॅडम, माझं रेशनकार्डावरचं नाव चुकलंय. चार वर्षं खेटे घालतोय, कोणी बदलत नाही. या झाडाची वर कुणाशी ओळख आहे?"

*

आमच्या कंपाउंडच्या मागे लूमचे कारखाने. दिवसभर खडखड, आणि हवेत कापसाचे बारीक तंतू. ते सगळे पानांवर येऊन बसायचे.

मुंबईहून एक मोठे प्राध्यापक आले. जास्वंदीपाशी थांबले. खिशातून भिंग काढलं. "भुरी! मुलांनो, इकडे या. इतकी सुंदर भुरी मी कुठे पाहिली नाही."

मुलांनी वह्या उघडल्या. माना खाली घालून लिहायला लागली. शेवटी मीच म्हणालो, "साहेब, हा रोग नाही. मागे लुंगीचं कापड निघतं."

साहेबांनी तरीही स्लाइड केली. मायक्रोस्कोपला डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. काढला असता तर आमच्याकडे बघावं लागलं असतं!

*

रफीक नावाचा मुलगा होता. घरचे बारा लूम. तुटलेला धागा जोडण्याची सवय लहानपणापासून, त्यामुळे कलम बांधायला त्याच्यासारखा हात नव्हता. दुसऱ्यांची कलमं सुकायची, त्याची सगळी फुटायची.

एक दिवस त्याचे अब्बा बागेत आले. कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "घर में धागा टूटा तो दस आवाज़ पे नहीं उठता. इधर झाड़ जोड़ता है?"

रफीक मान वर न करता म्हणाला, "अब्बा, उधर जोड़ो तो धागाच रहता है. इधर जोड़ो तो आम आता है."

अब्बांनी हळूच मला विचारलं, "मामा, ये आम आएगा कब?"

"चार साल."

"चार साल! हमारा तो शाम को कपड़े का थान निकलता है!"

जाताना मात्र दोन कलमं रिक्षात घालून घेऊन गेले.

*

पावसाळ्यात सहल वज्रेश्वरीच्या बाजूला. काम एकच, शेताच्या बांधावरचं निरनिराळं तण मुळासकट उपटायचं आणि कागदात दाबून आणायचं.

भाताच्या शेतात एक म्हातारी उभी होती. बराच वेळ बघून म्हणाली, "ही समदी पोरा कॉलेजची हाय?"

"हाय," मी म्हणालो.

"न् गवत उपटाला शिकतान?"

"होय आजी."

"मंग बांधावर काय करतान? आत या. मजुरी न्हाय, पन भाकर हाय!"

मॅडमनी साडी खोचली आणि पहिल्या त्याच चिखलात उतरल्या. त्या दिवशी आमच्या संग्रहात अकरा झाडं आली आणि म्हातारीचं अर्धं शेत साफ झालं.

*

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत टेबलावर नंबर लावून डहाळ्या ठेवतात. मुलांनी ओळखून नाव आणि खूण लिहायची. कुठली झाडं आणायची त्याची चिठ्ठी मॅडम आदल्या दिवशी माझ्या हातात द्यायच्या. चिठ्ठी मिळाली की मुलं माझ्या मागावर. माझ्या चपलेच्या खुणांवरून, मी कुठल्या वाफ्यात गेलो ते शोधायची.

एका वर्षी मी सगळ्याच वाफ्यांना पाणी सोडलं आणि सगळीकडे हिंडलो. झाडून सगळीकडे!

पोरांनी घाबरून अख्खी बाग पाठ केली.

मॅडम म्हणाल्या, "मामा, मला तीन वर्षांत हे जमलं नव्हतं."

*

माझी मुलगी करुणा याच विभागात शिकली. फी भरायच्या आधी मॅडमनी स्वतः तिचं नाव नोंदवून घेतलं. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. शेवटच्या वर्षी फर्स्ट क्लास मिळाला तरच तिला एम.एस्सी.ला जाता येणार होतं. एकेक मार्काचा प्रश्न होता.

मी मॅडमना म्हणालो, "या वर्षी चिठ्ठी दुसऱ्याला द्या."

"कोणाला देऊ? झाडं कोणाला ओळखता येतात? माझा तुमच्यावर भरवसा आहे."

चिठ्ठी घेतली. डहाळ्या कापून लॅबमध्ये कुलपात ठेवल्या. आणि घरी न जाता कोन गावाला बहिणीकडे गेलो.

बहीण म्हणाली, "वहिनीशी भांडलास काय?"

"नाही. परीक्षा आहे."

"कोणाची, तुझी?"

"हो."

*

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल झालं. मुलं गेली. मी टेबलं आवरत होतो. बाहेरून आलेले परीक्षक आणि मॅडम तिथेच कागद तपासत होते.

परीक्षक हसले. "सहा नंबरला सगळ्यांनी बरोबर मोसंबी लिहिलंय. एकीने मात्र जंबेरी. वर आगाऊपणा बघा, 'कलमाच्या जोडाखालचा फुटवा' असंही लिहिलंय." त्यांनी लाल पेन उघडलं.

मोसंबीचं कलम जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधतात. जोडाच्या खालून फांदी फुटली तर ती मोसंबीची नसते, जंबेरीची असते. ती वेळच्या वेळी खुडणं हे माळ्याचं काम.

मी सहा नंबरची डहाळी उचलली. काटे लांब. पान चुरगळलं. लिंबाचा वास.

अक्षर कोणाचं आहे ते मला बघावं लागलं नाही. बोललो तर म्हणतील, बापाने मुलीसाठी तोंड घातलं. न बोललो तर फुली. आणि तोवर माझ्या हातून चुकीचं झाड टेबलावर कधी गेलं नव्हतं.

"साहेब, फुली मारू नका. चूक माझी आहे. फुटवा मी खुडला नाही, आणि घाईत तोच कापून आणला. ही जंबेरीच आहे."

परीक्षकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग डहाळी घेतली, वास घेतला आणि माझ्याबरोबर बागेत आले. झाडापाशी उकिडवे बसले. जोडाच्या एक वीत खाली माझ्या कोयत्याचा ताजा घाव होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

परत येऊन त्यांनी लाल पेनाने पूर्ण मार्क दिले. "बाकीच्यांनी झाडाची पाटी पाठ केली. हिने पान पाहिलं. कोण आहे ही मुलगी?"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या.

मी टेबल पुसत म्हणालो, "परीक्षेत नाव विचारत नाहीत, साहेब. कागदावर नंबर आहे."