कोणाकडे?

वेंगुर्ल्याच्या जुन्या बाजारात मी एका फुलवालीला बंदराचा रस्ता विचारला. रस्ता सांगण्याआधी तिनेच विचारलं, "कोणाकडे इलात?"

"कोणाकडे नाही. एकटीच फिरायला आलेय."

तिने जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि अबोलीचा एक वळेसर माझ्या हातात ठेवला. मी तो गजरा केसांत माळला.

मग दिवसभर तो प्रश्न माझ्या मागेमागे फिरला. खानावळीत तोच, देवळाच्या पायरीवर तोच. इथे आल्या माणसाला कुणी नाव विचारत नाही, तो कुणाचा पाहुणा हे विचारतात. पुण्यातल्या माझ्या इमारतीत इतक्या वर्षांत मला कुणी काहीच विचारलेलं नाही, आणि त्याचं मला बरंच वाटत आलंय. पण दुपारी बंदरावर एकटीने शहाळं पिताना वाटलं, खरंच, आपण कोणाकडे आलो आहोत?

संध्याकाळी उतारावरच्या गल्लीत अंगण झाडणाऱ्या एका बाईंनीही तेच विचारलं. मी दमले होते. शेजारच्या बंद घराच्या फाटकावरची पाटी वाचून म्हणाले, "प्रभूंकडे."

बाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "मगे आधी सांगूचा नाय? ती सगळी मुंबयक असतत. पण घराची चावी माझ्याकडे आसा. थांबा, हाडतंय."

त्या आत गेल्या. तेवढ्यात मी तिथून निघून जायला हवं होतं. मी फाटकाशी उभी राहून केसांतला वळेसर नीट करत होते.